वर्गातले वाचनाचे खेळ : खेळताना वाचतं कोण?

दुसरीची_बाई

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या एका झेडपी शाळेत मी दुसरी शिकवते, पट २७. बहुतेकांच्या घरी आपली इकडची बोली, सहा-सात घरांत हिंदी, आणि दोघं भाऊबहीण वीटभट्टीवरचे, त्यांच्या घरी छत्तीसगढी. वाचन शिकवताना मी पहिल्यापासून खेळ वापरते आणि पुढेही वापरणारच आहे. पण दिवाळीआधी एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून मी माझा एकेक खेळ परत तपासते आहे. स्टाफरूममध्ये सगळे फॉर्म भरण्यात अडकलेले असतात म्हणून इथे लिहिते.

माझ्याकडे अक्षरपत्ते होते, लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने लिहिलेले. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हापासून रोज दहा मिनिटं हाच खेळ, पत्ता उचला आणि अक्षर सांगा. एक मुलगा आहे, शांत, मागे बसणारा, तो यात एकदम पक्का. भ म्हणजे भ, घ म्हणजे घ, सटासट सांगायचा. पावसात पत्ते भिजून खराब झाले म्हणून ऑक्टोबरमध्ये मी नवा संच केला, सगळे एकसारखे, पांढऱ्या कार्डशीटचे. आणि त्या मुलाला ३० पैकी ६ अक्षरं आली. मला वाटलं तब्येत बरी नसेल. दुसऱ्या दिवशी त्याला जवळ घेऊन जुन्या संचातले जे पत्ते शाबूत होते ते काढले तर परत सगळी बरोबर! मग लक्षात आलं. भ च्या पत्त्यावर हळदीचा डाग होता, घ च्या कडेला मागच्या गणपतीची सोनेरी छपाई डोकावायची, थ चा कोपरा दुमडलेला होता. त्याला अक्षरं येत नव्हती, पत्ते येत होते. आणि मी तीन महिने त्याला शाबासकी देत होते.

त्यात त्याची काहीच चूक नाही हो. खेळ जिंकायला जे लागत होतं ते त्याने शिकून घेतलं, खेळच मी असा केला होता की अक्षराकडे न बघता जिंकता येईल.

मग मी इतर खेळ बघायला लागले. वऱ्हांड्यात खडूने चौकटी आखून त्यात अक्षरं लिहिते, मी अक्षर म्हणते, मुलं त्या चौकटीत उडी मारतात, चुकला तो आउट. मी घड्याळ लावून फक्त चार मुलांकडे बघितलं, ज्यांना वाचन सगळ्यात कमी येतं ते चौघं. एकजण पहिल्याच फेरीत आउट झाला आणि पुढचा पाऊण खेळ भिंतीला टेकून बसला. दोघी मैत्रिणीच्या मागे मागे उड्या मारत होत्या, खाली बघतच नव्हत्या. चौथा मधोमध उभा राहून नुसता हसत होता. म्हणजे ज्याला वाचायची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात आधी बाहेर, आणि ज्याला येतं तो शेवटपर्यंत खेळून आणखी पक्का.

आता मी प्रत्येक खेळाला एकच प्रश्न विचारते : या दहा मिनिटांत प्रत्येक लेकराने स्वतःच्या डोळ्यांनी किती वेळा वाचलं, आणि न वाचता त्याचं काम भागलं असतं का.

या हिशोबाने मला सापडलेला सगळ्यात चांगला खेळ म्हणजे आपला राजा-मंत्री-चोर-शिपाई. हसू नका. त्यात चिठ्ठी लपवायची असते, म्हणून बाजूचा हुशार मुलगा सांगूच शकत नाही, सांगितलं तर खेळच मोडतो. ज्याला मंत्री आला त्याला मंत्री वाचावंच लागतं, त्र सकट. चौघांच्या गटात दहा मिनिटांत आठ-दहा फेऱ्या होतात, प्रत्येकाचे आठ-दहा शब्द वाचून होतात. तेच मी एकेकाला फळ्याजवळ बोलावून पत्ता दाखवला तर २७ मुलांत प्रत्येकाला कसाबसा एक. मी दर सोमवारी चिठ्ठ्या बदलते नाहीतर घडीवरून ओळखतील (ओळखतातच!), आणि भूमिकाही बदलते, शेतकरी, दुकानदार, चोर, पोलीस वगैरे.

तुमच्याकडे असे कोणते खेळ आहेत? आणि जोडाक्षरांसाठी काय करता? माझी गाडी तिथे अडते.

महालची_आई

ताई तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी शिक्षिका नाही, नागपुरात महाल भागात राहते. माही पोरगी पहिलीत आहे, इंग्लिश मीडियमले. घरी आमची मराठीच चालते पण मराठी पुस्तक समोर ठेवलं का ती पयते. मोबाइलवरचे गेम मात्र पटापट खेयते, बत्तीस अक्षरं पूर्ण केली म्हणून स्टार मिळाला म्हणे, अन् पुस्तकातला क दाखवला तर ओळखाले तयार नाही. तुमचा हळदीचा डाग वाचून मले एकदम तेच आठवलं, तिथं क कायम लाल फुग्यावर असते. आता घरी आम्ही दोघीच, मंग चोर-शिपाई कसा खेयावा? दोघांत खेयाचं काही असलं तर सांगा ना.

जुना_खडू

मी निवृत्त मुख्याध्यापक, आधी काटोल आणि नंतर सावनेर तालुक्यात नोकरी झाली. बाई, तुम्ही स्वतःचं चुकलेलं इतकं उघड लिहिलंत याबद्दल आधी आभार, असं आमच्या काळी शिक्षकांच्या केंद्र संमेलनात कोणी बोललं असतं तर खूप बरं झालं असतं.

खेळातून शिक्षण हे काही आत्ताचं नाही. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं, पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांसाठी काम केलं. तिथली कुरणशाळा मला फार मोठी गोष्ट वाटते, मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणावर न्यायची. मुलाच्या जगात जे आधीच चालू आहे तिथून सुरुवात करायची हा त्यातला मुद्दा. आपण मात्र खेळ म्हणजे साहित्य समजलो. थर्माकोल, रंगीत कागद, लॅमिनेशन. मी कितीतरी वर्गांत बघितलं की साहित्य कपाटात सुंदर लावलेलं, आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर निघायचं.

मी सगळ्यात जास्त कशावर भर दिला ते सांगतो, कानावर. अक्षर डोळ्यांना दाखवायच्या आधी ते कानांनी वेगळं करता आलं पाहिजे. कमळ म्हटल्यावर त्यात क-म-ळ असे तीन तुकडे आहेत हे ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याला तुम्ही क हजारदा दाखवा, तो चित्रच राहतो. आणि यासाठी आपल्याकडे भेंड्या आहेत. शेवटचं अक्षर धरून पुढचा शब्द, गाणी नकोत, नुसते शब्द. कागद नाही, खडू नाही, दुपारच्या जेवणाच्या रांगेत उभं राहून होतं. टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडणं हेही तसंच.

एक गोष्ट मात्र पटली नाही. प्रत्येक खेळात प्रत्येकाने वाचलंच पाहिजे असा हिशोब लावला तर काही चांगले खेळ तुम्ही टाकून द्याल. भेंड्यांत कोणी काहीच वाचत नाही, तरी त्या वाचनासाठीच आहेत.

दुसरीची_बाई

सर, बरोबर. मी घाईत सगळं एका मापाने मोजलं. कानाचे खेळ वेगळे आणि डोळ्यांचे वेगळे असं म्हणायला पाहिजे होतं. पण कानाच्या खेळातसुद्धा तुकडे प्रत्येकाने पाडले का, की चार जणांच्या टाळ्यांत बाकीचे मिसळून गेले, हे बघावंच लागतं ना? मी आता टाळ्यांऐवजी चिंचोके देते. शब्द ऐकायचा आणि जितके तुकडे तितके चिंचोके समोर ठेवायचे, हाताने झाकून. मग एकदम हात उचलायचे. कोणाचे किती आहेत ते एका नजरेत दिसतं आणि कोणी कोणाचं बघू शकत नाही.

महालच्या ताई, तुमच्यासाठी एक सोपा सुचवते. भुलाबाईत आपण डब्बा वाजवून खाऊ ओळखायला लावतो ना, तोच. डब्यात काहीतरी ठेवा, वाजवा, आणि पहिलं अक्षर तोंडाने न सांगता चिठ्ठीवर लिहून दाखवा. ती ओळखेल आणि मग पुढच्या वेळी चिठ्ठी तिने लिहायची. चिठ्ठ्या रोज नव्या, वेगवेगळ्या पेनने, कधी मोठं अक्षर कधी लहान. म्हणजे फुगा लक्षात राहायचा प्रश्न नाही.

पट_बेचाळीस

मी शहरातल्या एका खाजगी अनुदानित शाळेत आहे. वाचायला फार छान वाटतं सगळं पण माझ्या वर्गात ४२ मुलं, तासिका ३५ मिनिटांची, बाजूच्या वर्गाशी मधे फक्त प्लायवूडचं पार्टिशन. चार-चारचे गट केले की दहा-अकरा गट होतात, आवाज एवढा की बाजूच्या मॅडम येतात आणि मग मला ऐकून घ्यावं लागतं. पालक विचारतात वहीत काही लिहिलं का नाही. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही शंका आहे. आम्ही बाराखडी घोकून शिकलो, रोज एक पान शुद्धलेखन, आणि आम्हाला वाचता येतंच की. खेळ खेळायला मुलांना कोण शिकवतं, ते खेळतातच घरी, शाळेत तेवढा वेळ तरी अभ्यास व्हावा असं वाटणाऱ्यांपैकी मी आहे. कोणाला दुखवायचं नाही, पण मनातलं लिहिलं.

गावोगाव_फिरणारा

मी जिल्ह्यात शिक्षकांसोबत काम करतो, वर्गात बसून मुलांचं वाचन ऐकणं हाच माझा रोजचा दिवस. सर, तुमची शंका रास्त आहे, पण "आम्हाला येतंच की" यात एक गोम आहे. आपल्या वर्गातले ज्यांना आलं नाही ते शाळा सोडून गेले, ते आज इथे लिहायला नाहीत.

असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरातल्या पाहणीत २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी २०.५ टक्के होती, कोविडच्या आधी २०१८ मध्ये २७.३, आणि २०२४ मध्ये परत २७.१. म्हणजे गाडी पूर्वीच्या जागी परत आली एवढंच, तिसरीतली चारातली तीन मुलं अजून मागेच. ही सगळी मुलं बाराखडी घोकलेलीच असतात. तालात म्हणतात, क का कि की, पण मधलाच कु दाखवला तर पुन्हा क पासून म्हणत येतात. रेल्वेत बसल्यासारखं, प्रत्येक स्टेशन घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आणि देवनागरीत काम मोठं आहे हे आपण विसरतो. ३४ व्यंजनं धरा, बाराखडीची १२ रूपं, चारशेच्या वर चिन्हं झाली, जोडाक्षरं वेगळी. इंग्रजीत २६ अक्षरं झाली की पाटी बदलते, आपल्याकडे मूल दुसरी-तिसरीपर्यंत चिन्हंच शिकत असतं. म्हणून हे खेळ पहिलीत संपवून चालत नाही. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात तिसरीच्या शेवटी मिनिटाला ६० शब्द समजून वाचणं हे लक्ष्य आहे. बरेचजण त्यातलं ६० धरतात आणि समजून सोडून देतात, मग शाळाशाळांत घड्याळ लावून मुलांना पळवणं चालू होतं.

फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी जे काम उभं केलं त्यात वर्णमाला क ख ग घ अशी न शिकवता निवडक अक्षरांचा गट आणि सोबत काना-मात्रा घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला द्यायचे. खेळासाठी हे फार सोयीचं आहे. समजा न, म, र, ब आणि काना एवढंच आलं, की नाम, मान, राम, मार, बाबा, मामा, नारा, बारा असे शब्द खेळात टाकता येतात. क ख ग घ ङ एवढं आलं तर मूल काय वाचणार?

४२ च्या वर्गासाठी माझा अनुभव असा की गट करू नका, जोड्या करा. बाकावरची जोडी. एकाच्या हातात पाच शब्द, दुसऱ्याच्या हातात पाच चित्रं, कुजबुजून. आवाज खरंच कमी होतो कारण लांबच्याशी कोणाला बोलावंच लागत नाही. आठ मिनिटं, मग वही. पालकांना वहीही दिसते.

देवलापारकडचा_मास्तर

रामटेकच्या वर देवलापारकडे माझी शाळा आहे, वर्गात गोंडी बोलणारी मुलं बरीच. माझा वेगळाच प्रश्न आहे. इकडच्या मराठी घरातली मुलंसुद्धा शाया म्हणतात, डोया म्हणतात, केयी म्हणतात, पानी म्हणतात. मी चित्र-शब्द जोडीचा खेळ घेतला. केळीचं चित्र होतं. मुलगी म्हणाली "केयी", आणि शब्दांच्या ढिगात ती य असलेला शब्द शोधत बसली, दहा सेकंद, वीस सेकंद, सापडेना. बाजूच्याने घेऊन टाकला पत्ता. ती रडली नाही पण त्या दिवशी परत हात वर केला नाही. तिने तर कानाने ऐकलेलं बरोबर शोधलं होतं. सर म्हणतात कानावर भर द्या, ते शंभर टक्के खरं, पण आपल्या मुलांच्या कानात वेगळी मराठी आहे आणि पुस्तकात वेगळी, हे कोणी शिक्षकाला सांगतच नाही.

आणि उलटही होतं. मूल शाळा हा शब्द बघतं आणि मोठ्याने म्हणतं शाया. आता हे चूक धरायचं की बरोबर? आमच्याकडे बघायला आलेले एक साहेब म्हणाले चूक. मी म्हटलं साहेब, त्याने वाचलं म्हणूनच तर त्याच्या घरच्या शब्दात सांगितलं, नुसतं उच्चार करणारा असता तर ळ म्हणायचा प्रयत्न केला असता. ते काही बोलले नाहीत.

दुसरीची_बाई

मास्तर, हे वाचून मी लॅपटॉप बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले. माझ्याही वर्गात रोज होतं हे आणि मी प्रत्येक वेळी "शाळा म्हण, शाळा" असं दुरुस्त करते. तुम्ही म्हणता तेच खरं, त्याने वाचलेलं आहे. समजलं हे त्याहून मोठं.

मला वाटतं ळ आणि ण चा खेळच वेगळा काढावा. दोन घरं आखायची, एक आपल्या घराचं आणि एक पुस्तकाचं. घराच्या घरात डोया, काया, पानी, कोन. पुस्तकाच्या घरात डोळा, काळा, पाणी, कोण. मुलं जोड्या लावतील. कोणतंच घर चुकीचं नाही, फक्त कोण कुठे राहतं ते ओळखायचं. उद्याच करून बघते.

जुना_खडू

मास्तरांचा प्रश्न फार मोलाचा. मी इतकी वर्षं शिकवलं, मीही दुरुस्तच करत आलो. माझी आई डोयाच म्हणायची आणि मी शाळेतून घरी येऊन तिला दुरुस्त करायचो, आता त्याचं वाईट वाटतं.

बाईंचा दोन घरांचा खेळ चांगला आहे पण एक जपा. वाचताना गोष्टीच्या मधे हे काढू नका. गोष्ट चालू असेल तेव्हा मुलाला शाया म्हणू द्या. खेळाच्या वेळी खेळ.

आणि पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणतात त्या यमकाच्या ओळी, कोणी वर्गात वापरता का? तान्ह्या पोळ्याला आपली पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, आठवडाभर आधीपासून त्यांच्या तोंडी झडत्या असतात. मी मोठ्या अक्षरात चार्टवर लिहून लावायचो. मुलं पाठ म्हणतात आणि मी काडी घेऊन शब्दाशब्दावर फिरायचो, मधेच काडी थांबवायचो. तोंड पुढे गेलेलं आणि काडी मागे, मग मुलं थांबून शोधायची की आपण कुठे आहोत. तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द हाच असं पहिल्यांदा त्या क्षणी कळतं. ज्याला एक अक्षर येत नाही तोही यात असतो.

वैशालीनगर_पालक

माझा मुलगा तिसरीत आहे, सगळे खेळ करून झाले, बाईही चांगल्या आहेत, पण तो ब आणि व, घ आणि ध अजून उलटसुलट करतो, एक ओळ वाचून दमतो. खेळात हरला की पत्ते फेकतो. आम्ही आळशी समजून रागावलो खूप. काही सुचवाल का?

गावोगाव_फिरणारा

आधी रागावणं थांबवा एवढंच हात जोडून सांगतो. डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या, हे दोन्ही मी स्वतः बघितलंय, चष्मा लागला आणि महिन्याभरात फरक पडला असं एक मूल आमच्या केंद्रात आहे. तिथे काही निघालं नाही तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकायला मुळातच जड जातं का याची, तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता मान्य केलेली आहे, त्यामुळे शाळेला सवलती देता येतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खेळ चालू ठेवा पण हार-जीत नसलेले. दोघं मिळून घड्याळाशी किंवा कालच्या स्वतःशी. त्याला नुसतं घ-ध मधला फरक बघू द्या, एका कागदावर वीस घ आणि त्यात लपलेले तीन ध, त्याने गोल करायचे, वेळ नाही लावायचा.

महालची_आई

डब्बा-खेळ आठ दिवस झाले चालू आहे! तीच मागते आता, रात्री जेवण झालं का डब्बा घेऊन येते. पण काल एक गंमत झाली, तुम्हाले विचाराची आहे. डब्यात चकली होती, मी च लिहून दिला, ती म्हणे चिवडा. मी म्हटलं नाही, चकली. तर म्हणे आई, चकली च नं नाही होत, चिवडा च नं होते, चकलीचा वेगळा आहे. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, खरंच वेगळा आहे हो! आजवर कधी ध्यानातच नव्हतं आलं. आता तिले काय सांगू?

दुसरीची_बाई

ताई, तुमच्या लेकीचा कान फार छान आहे, तिला आधी हे सांगा की तू बरोबर ऐकलंस. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहायला अक्षर एकच. चहा आणि चमचा, जेवण आणि जाळी. तिला म्हणा, एकाच घरात दोन आवाज राहतात. दोघी मिळून यादी करा, या आठवड्यात घरात किती चकलीवाले च आणि किती चिवडावाले च सापडतात ते. फ्रिजवर लावा. ती वाचेलच ती यादी रोज.

पट_बेचाळीस

जोड्या करून बघितल्या, चार दिवस. लिहायला आलो कारण आधी शंका मीच घेतली होती. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, शब्दपट्ट्या वाटण्यातच दहा मिनिटं गेली. मग पट्ट्या आदल्या दिवशीच रबर लावून बाकावर ठेवल्या. आठ मिनिटं ठरवली होती ती आठच ठेवली. आवाज मधमाश्यांसारखा होतो पण बाजूच्या मॅडम आल्या नाहीत. मी वर्गात फिरत फक्त ऐकत होतो आणि मला समजलं की माझ्या ४२ पैकी ९ मुलांना काना-मात्रा एकत्र आली की वाचताच येत नाही, को मो दो वगैरे. ऑगस्टपासून माझ्यासमोर आहेत ही मुलं. सगळे मिळून म्हणायचे तेव्हा त्यांचाही आवाज त्यात असायचा. घोकंपट्टी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही, पण हे आठ मिनिटं आता रोज करणार.

जोडाक्षरांचं कोणी सांगितलंच नाही अजून?

देवलापारकडचा_मास्तर

मी मुलांनाच अक्षरं करतो. गळ्यात पाट्या अडकवायच्या आणि शब्द उभा करायचा. पहिली वेलांटी असलेला मुलगा ज्याच्यासोबत आहे त्याच्या आधी उभा राहतो पण आवाज त्याच्या नंतर काढतो. हा घोळ पुस्तकात बघून कधी सुटत नाही, शरीराने उभं राहिलं की लगेच सुटतो. जोडाक्षरात पहिला मुलगा अर्धा वाकतो आणि पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि दोघांनी एका श्वासात बोलायचं. पुस्तक मधलं स्त असंच करून घेतलं. बघणाऱ्या बाकीच्यांनी काय करायचं हा बाईंचा प्रश्न इथे लागू होतोच, म्हणून बाकीचे पाटीवर तोच शब्द लिहून वर धरतात.

दुसरीची_बाई

मास्तर, खांद्यावर हात ठेवण्याचं मी लगेच उचललं. आणि त्यातून र चा एक खेळ तयार झाला तो सांगते. र हा सगळ्यात लपणारा. सूर्य मधे डोक्यावर जाऊन बसतो, चक्र मधे पायाशी तिरपा, ट्रक मधे टोपीसारखा खाली, वाऱ्यावर मधे आडवा पडलेला. आम्ही त्याला र ची रेसटीप, म्हणजे लपाछपी, म्हणतो. जोडीला पाच शब्दांची पट्टी, र कुठे लपला ते शोधायचं, सापडला की शब्द वाचून "टीप" म्हणायचं. न वाचता टीप म्हटली तर जोडीदार परत लपवतो, म्हणजे पट्टी उलटी करतो. सूर्य, गर्दी, कुर्ता हे तिघं मुलांना फार वेळ सापडले नाहीत कारण रफार अक्षरावर दिसतो पण बोलायचा त्याच्या आधी. वेलांटीच्या उलटं. दोन आठवडे लागले, आणि कापूस वेचणीमुळे सात-आठ मुलं अधूनमधून येतच नाहीत, त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून.

दोन घरांचा खेळही झाला. मुलांनी घरून शब्द आणले, एकाची आजी तर शाळेपर्यंत आली आणि अजून चार शब्द सांगून गेली.

हळदीच्या डागवाल्या मुलाबद्दल दोघातिघांनी मेसेज करून विचारलं. त्याच्यासोबत मी रोज मधल्या सुट्टीच्या आधी पाच मिनिटं बसते, न, म, र, ब एवढ्याच अक्षरांपासून परत सुरुवात केली. आता बावीस अक्षरं येतात, कोणत्याही कागदावरची, वर्तमानपत्रातलीसुद्धा मी तपासली. गेल्या शुक्रवारी चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या लिहायचं काम त्याने स्वतः मागितलं. मी दिलं. त्याने चोर ऐवजी चेर लिहिलं, काना राहिला. फेरी सुरू झाली, सगळ्यांनी चिठ्ठ्या उघडल्या आणि ज्याच्याकडे ती आली तो गप्पच बसला. पोलीस विचारतोय, दुकानदार शेतकऱ्याकडे बोट दाखवतोय, आणि चोर काही सापडेना. शेवटी त्या मुलाने सगळ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या, एकेक उघडून वाचली, चेर वर थांबला, ओठ हलवून दोनदा म्हणून बघितलं, आणि माझ्याकडे न बघता पेन्सिल घेऊन काना दिला. मी काहीच बोलले नाही.

सोमवारसाठी नव्या भूमिका त्यालाच लिहायला दिल्या आहेत. चोर आणि पोलीस ठेवणार म्हणाला, आणि एक डॉक्टर पाहिजे म्हणाला.